राज्याचा कारभारी आणि कामकऱ्याचे कसब

‘गव्हर्नर’ हा शब्द कानी पडला की आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे राजभवन, शपथविधी आणि विधिमंडळातील अभिभाषण उभे राहते. आपले राज्यपाल राष्ट्रपतींनी नेमलेले असतात आणि राज्याचा प्रत्यक्ष कारभार मुख्यमंत्री व त्यांचे मंत्रिमंडळ पाहते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तशी व्यवस्था नाही. तेथील गव्हर्नर लोकांनी मते देऊन निवडलेला असतो आणि राज्याच्या कारभाराची जबाबदारी त्याच्याच शिरावर असते. तेव्हा आजच्या विवेचनात ‘गव्हर्नर’ म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, पण थेट जनतेने निवडलेला कारभारी, असे समजून चालावे.

अशा कारभाऱ्यापुढे एक प्रश्न नेहमीच उभा असतो. आपल्या राज्यातील माणसांच्या हाताला काम कसे मिळेल, आणि मिळालेले काम नीट करता येईल इतके कसब त्या हातांत कसे येईल? निवडणुकीच्या वेळी या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकजण देतो. कारखाने आणू, शाळा काढू, तरुणांना शिकवू, असे सारेच म्हणतात. परंतु असल्या धोरणाचा खरा कस कोठे लागतो, हे कळायला चाळीस-पन्नास वर्षे जावी लागतात. म्हणून आम्ही येथे एकच राज्य घेणार आहो आणि तेथे १९५४ साली सुरू झालेल्या गोष्टीचे २००३ साली काय झाले ते पाहणार आहो. ते राज्य म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील उत्तर कॅरोलिना.

या राज्याची निवड आम्ही उगाच केलेली नाही. तंबाखूची शेती, लाकडी सामानाचे कारखाने आणि कापडाच्या गिरण्या या तीन खांबांवर त्याचा संसार उभा होता. गिरणीचा भोंगा, गिरणीच्या मालकीची घरे, बापामागून मुलाने साच्यावर उभे राहणे, या गोष्टी मुंबईच्या परळ-लालबागला किंवा आमच्या सोलापूरला जितक्या परिचयाच्या, तितक्याच तेथेही होत्या. काम पुष्कळ होते, पण मजुरी थोडी होती. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात हे राज्य दरडोई उत्पन्नाच्या यादीत तळाकडे होते. मुले लवकर शाळा सोडून गिरणीत जात, आणि जी थोडी विद्यापीठापर्यंत पोचत त्यांतली बरीच पदवी घेऊन दुसऱ्या राज्यांत निघून जात.

नोव्हेंबर १९५४ मध्ये गव्हर्नर अमस्टेड वारले आणि त्यांच्या जागी उपगव्हर्नर लूथर हॉजेस आले. हे गृहस्थ राजकारणात मुरलेले नव्हते. कापडगिरण्यांच्या गावात ते वाढले होते. पोरवयातच ते गिरणीच्या कचेरीत हरकाम्या म्हणून लागले, पुढे विद्यापीठाची पदवी घेतली आणि मार्शल फील्ड या मोठ्या कंपनीच्या गिरण्यांचा कारभार पाहण्यापर्यंत चढले. गिरणी आतून पाहिलेला असा हा माणूस होता. १९५६ साली ते निवडून आले आणि १९६१ च्या जानेवारीपर्यंत अधिकारावर राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेतील गव्हर्नरांत उत्तर कॅरोलिनाचा गव्हर्नर त्या काळी बराच दुबळा समजला जाई. विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक नाकारण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो १९९६ साली घटनादुरुस्ती झाल्यावर मिळाला. लागोपाठ दुसऱ्यांदा निवडणूक लढविण्याचीही त्याला १९७७ पर्यंत मुभा नव्हती. हॉजेसना सहा वर्षे मिळाली ती आधीच्या गव्हर्नरांच्या मृत्यूमुळे. म्हणजे हुकूम सोडून काम होण्यासारखे नव्हते. अंदाजपत्रक मांडावे, समिती नेमावी, गावोगाव फिरून लोकांना पटवावे, एवढीच त्याची शस्त्रे होती. आम्हांला तर वाटते की या दुबळेपणाचाच पुढे उपयोग झाला. ज्याला स्वतःच्या नावावर फारसे करता येत नाही, तो आपल्यामागे टिकेल अशी संस्था उभी करण्याच्या मागे लागतो.

हॉजेसच्या धोरणातील पहिली गोष्ट म्हणजे नवे उद्योग आणणे. त्यांनी कंपन्यांवरील कराचे नियम सैल करून घेतले आणि उद्योगपतींच्या भेटीसाठी ते देशभर व परदेशातही हिंडले. आपल्या राज्याच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून आपल्याच गिरण्यांत तयार झालेल्या अंतर्वस्त्रांत त्यांनी मासिकासाठी छायाचित्र काढून घेतले, असे सांगतात. आपल्याकडील एखाद्या मंत्र्याने असे केले तर काय गहजब होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी!

दुसरी गोष्ट विद्यापीठांशी निगडित होती. रॅले, डरहॅम आणि चॅपल हिल ही तीन शहरे एकमेकांपासून थोड्या अंतरावर आहेत आणि तिन्ही ठिकाणी नामांकित विद्यापीठे आहेत. या त्रिकोणाच्या मधल्या पाइनच्या रानात संशोधनाची वसाहत उभारावी, म्हणजे शिकलेली मुले बाहेर जाणार नाहीत, अशी ती कल्पना होती. हॉजेसनी ती उचलून धरली, स्थानिक धनिकांनी देणग्या दिल्या आणि १९५९ साली ‘रिसर्च ट्रँगल पार्क’ सुरू झाले. पहिली काही वर्षे तेथे फारसे कोणी आले नाही. १९६५ साली आय.बी.एम. कंपनीने तेथे येण्याचे ठरविले आणि चित्र पालटले. आज सुमारे ७,००० एकरांच्या त्या वसाहतीत पन्नास हजारांहून अधिक माणसे काम करतात. पाहुण्यांना कौतुकाने दाखविली जाते ती हीच वसाहत.

परंतु आमच्या मते तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती, आणि तिच्याकडे पाहुण्यांचे लक्ष क्वचितच जाते. नवा कारखाना आला तरी त्यातील यंत्र चालवायला कसबी माणूस हवा. तो विद्यापीठात तयार होत नाही आणि गिरणीच्या साचेखात्यातही होत नाही. म्हणून १९५७ साली विधिमंडळाने औद्योगिक शिक्षणकेंद्रांसाठी पाच लाख डॉलर मंजूर केले. योजनेची रीत साधी होती. जागा व इमारत स्थानिक लोकांनी द्यायची. यंत्रसामग्री आणि शिक्षकांचा पगार राज्याने द्यायचा. ज्या जिल्ह्याला केंद्र हवे त्याने आधी स्वतःच्या खिशात हात घालायचा. त्यामुळे केंद्र हे गावाला आपले वाटे; वरून कोणी आणून ठेवलेले वाटत नसे. वर्ग दिवसा चालत तसे संध्याकाळीही चालत, म्हणजे पाळी संपवून आलेला कामगार रात्री यंत्राचे नकाशे वाचायला, जोडकाम करायला किंवा विजेचे काम करायला शिके. एखाद्या उद्योजकाने नवा कारखाना काढायचे ठरविले, तर त्याला लागतील तशी माणसे शिकवून देण्याची जबाबदारीही राज्याने उचलली. १९६१ पर्यंत अशी सात केंद्रे चालू झाली आणि १९६३ पर्यंत ती वीस झाली.

या चित्राला काळी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उद्योजकांपुढे मांडलेली मोठी लालूच म्हणजे स्वस्त मजूर आणि दुबळ्या कामगार संघटना ही होती. हेंडरसन गावच्या गिरण्यांत नोव्हेंबर १९५८ मध्ये संप झाला, तेव्हा हॉजेसनी पुढे राज्याचे लष्करी दल तेथे पाठविले. संप मोडला आणि संघटनेच्या पुढाऱ्यांना तुरुंगात जावे लागले. दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. राज्यातील कृष्णवर्णीय नागरिकांना गिरण्यांत झाडलोट, गाठोडी वाहणे, आवारातील अंगमेहनत यांपलीकडे सहसा काम मिळत नसे. साच्यावर उभे राहण्याची त्यांना जवळजवळ बंदीच होती. गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्याच राहाव्यात, हीच हॉजेस यांची भूमिका होती. एवढ्या मोठ्या समाजाला दाराबाहेर ठेवून राज्याचे मनुष्यबळ वाढविण्याची भाषा करणे म्हणजे एक हात बांधून नांगर धरण्यासारखे होते. आपल्या देशातही कसब कोणत्या जातीने शिकावे आणि कोणत्या जातीने शिकू नये, याचे दंडक शतकानुशतके चालले. तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखविताना हे आपण विसरू नये.

हॉजेसनंतर १९६१ साली टेरी सॅनफर्ड गव्हर्नर झाले. त्यांच्यापुढे चारच वर्षे होती. त्यांनी प्रथम पैशाचा प्रश्न हातात घेतला. शाळा सुधारायच्या तर पैसा हवा आणि पैसा हवा तर कर हवा, हे त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले. विक्रीकरातून सुटलेल्या खाद्यपदार्थांवरही शेकडा तीन कर बसविला. गरिबाच्या भाकरीवर कर बसविला म्हणून त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अगदीच अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. सॅनफर्ड यांचे उत्तर असे की हा पैसा गरिबाच्याच मुलाच्या शाळेत परत जातो. १९६३ च्या जानेवारीत त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. नोकरी देताना वर्ण पाहू नये असे जाहीर आवाहन करून त्यासाठी एक मंडळ नेमले. दक्षिणेतील गव्हर्नराने त्या दिवसांत असे बोलणे ही लहान गोष्ट नव्हती. कायद्याने ही बंदी पुरती मोडली ती मात्र केंद्र सरकारच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने. त्यानंतरच कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष गिरण्यांच्या यंत्रांवर दिसू लागले.

सॅनफर्डनी शाळेनंतरच्या शिक्षणाचा विचार करण्यास एक समिती नेमली होती. तिच्यापुढे प्रश्न असा होता की एकीकडे पदवीची वाट दाखविणारी लहान महाविद्यालये आणि दुसरीकडे हातकाम शिकविणारी औद्योगिक केंद्रे, अशा दोन जाती ठेवायच्या काय? समितीने १९६२ साली उत्तर दिले की दोन्ही एकाच छपराखाली आणावीत. त्याप्रमाणे मे १९६३ मध्ये कायदा झाला आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ या नावाची संस्था राज्यभर पसरू लागली. या कामामागे राज्य शिक्षणमंडळाचे अध्यक्ष डॅलस हेरिंग यांची चिकाटी होती. हे गृहस्थ एका लहान गावात शवपेट्यांचा कारखाना चालवीत, आणि कोणाही माणसाला शिकण्यास नालायक ठरवू नये हा त्यांचा आग्रह होता. माणूस जेथे असेल तेथून त्याला पुढे न्यावे, मग तो पदवीच्या उंबरठ्यावर असो की त्याला अक्षरओळखही नसो, असे ते म्हणत.

या आग्रहातून ‘उघडे दार’ हे तत्त्व आले. प्रौढ माणसाला वय, आधीचे गुण किंवा आधी सोडलेली शाळा यांवरून परत पाठवायचे नाही. त्याला वाचता येत नसेल तर आधी वाचायला शिकवायचे. शाळेची परीक्षा राहिली असेल तर ती करून घ्यायची. मग पुढचे कसब शिकवायचे. शुल्क थोडे ठेवायचे आणि अंतरही थोडे ठेवायचे. आज राज्यात अशी ५८ महाविद्यालये आहेत, आणि बहुतेक नागरिकांना मोटारीने अर्ध्या तासात त्यांपैकी एखाद्यापर्यंत पोचता येते. संसार, मुले आणि म्हातारे आईबाप सोडून ज्याला दूरच्या शहरात जाता येत नाही, त्याच्यासाठी ही अंतराची गोष्ट अभ्यासक्रमाइतकीच महत्त्वाची आहे.

आता २००३ सालाकडे येऊ. कॅनापोलिस नावाचे गाव या राज्यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनन नावाच्या गिरणीमालकाने ते वसविले आणि गावाला नावही त्याचेच मिळाले. आपल्याकडे चादर म्हटली की सोलापूर आठवावे, तसे अमेरिकेत टॉवेल म्हटला की कॅननचे नाव आठवे. घरे गिरणीची, रस्ते गिरणीचे. मुलगा सोळा वर्षांचा झाला की शाळा सोडून गिरणीत जाई, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे, कारण गिरणी कायमची आहे असाच सर्वांचा समज होता. १९७० च्या सुमारास राज्यात जवळजवळ तीन लाख माणसे कापडधंद्यात होती. पुढे बाहेरचा स्वस्त माल येऊ लागला आणि १९९४ साली मेक्सिकोशी खुल्या व्यापाराचा करार अमलात आला. एकामागून एक गिरण्या मिटू लागल्या. कॅननच्या गिरण्या हात बदलत शेवटी पिलोटेक्स कंपनीकडे गेल्या, आणि ३० जुलै २००३ रोजी पिलोटेक्सने सर्व गिरण्या बंद करीत असल्याचे जाहीर केले. देशभरातील साडेसहा हजारांच्या आसपास कामगार एका दिवसात बेकार झाले. त्यांतले बहुसंख्य उत्तर कॅरोलिनातले होते. एका दिवसात इतक्या नोकऱ्या गेल्याचे त्या राज्याच्या इतिहासात दुसरे उदाहरण नव्हते.

हाच तो कस लागण्याचा दिवस, असे आम्ही समजतो. कारखान्याची कोनशिला बसते त्या दिवशी प्रत्येक धोरण यशस्वीच दिसते. गिरणीला कुलूप लागले की पंचेचाळीस वर्षांची बाई घरी येते. तीस वर्षे तिने टॉवेलच्या कडा शिवलेल्या असतात आणि शाळेचा दाखला तिच्याजवळ नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोठे जावे, याचे उत्तर राज्याने चाळीस वर्षांपूर्वी तयार करून ठेवले आहे की नाही, यावर त्या धोरणाची किंमत ठरते.

कॅनापोलिसच्या बाईला जायला जागा होती. जवळच रोवन-कॅबॅरस कम्युनिटी कॉलेज होते. १९६३ च्या कायद्याच्या वर्षीच त्याची सुरुवात झाली होती. केंद्र सरकारने परदेशी मालामुळे बेकार झालेल्यांसाठी शिक्षणाचा खर्च दिला, आणि कॉलेजाने दार उघडे ठेवले. गिरणीतील माणसे मोठ्या संख्येने त्या वर्गांत जाऊन बसली. कोणी शाळेची राहिलेली परीक्षा दिली, कोणी शुश्रूषेचे शिक्षण घेतले, कोणी संगणक, तर कोणी वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती शिकले. आपल्या मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांशेजारी बसून बेरीज-वजाबाकी पुन्हा शिकायला त्यांना किती धैर्य लागले असेल, हे प्रौढ साक्षरतेच्या वर्गात ज्यांनी शिकविले आहे त्यांना सांगायला नको.

यात सर्वांचे भले झाले असे मात्र कोणी समजू नये. अनेकांना नवी नोकरी मिळाली ती जुन्यापेक्षा कमी पगाराची. पन्नाशी उलटलेल्यांना शिकूनही काम मिळणे अवघड गेले. गिरणी पाडून त्या जागी २००८ साली संशोधनाचे मोठे संकुल उघडले, पण तेथील प्रयोगशाळांत जुन्या गिरणी-कामगारांपैकी फारच थोड्यांना जागा मिळाली. कसब शिकविल्याने काम आपोआप निर्माण होत नाही, हा या गोष्टीतला कटू धडा आहे. गव्हर्नराच्या धोरणात काम आणणे आणि कसब देणे ही दोन्ही चाके सारखी फिरावी लागतात, आणि तिसरी गोष्ट म्हणजे शिकत असताना घर चालेल इतका आधार लागतो. तरीही कॅनापोलिसमध्ये निदान एक दार उघडे होते, आणि ते उघडे ठेवणारे गव्हर्नर केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले होते. हॉजेस १९७४ साली वारले, सॅनफर्ड १९९८ साली.

येथे आम्हांला आपल्या मुंबईची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. लाखावर माणसे पुन्हा साच्यावर परतली नाहीत. कोणी कोकणात, कोणी घाटावर आपल्या गावी गेला. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी पहारेकरी झाला, आणि पुष्कळ घरे बायकांनी खानावळी चालवून तारली. या माणसांच्या हातांत कसब नव्हते काय? तुटलेला धागा क्षणात जोडणारे हात होते ते! पण त्या कसबाला दुसऱ्या धंद्याकडे वळविणारी शाळा त्यांच्या चाळीजवळ नव्हती. आपल्याकडे १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षणाची योजना आहे आणि तिने असंख्य तरुणांना पायावर उभे केले, हे निःसंशय. परंतु तिचा रोख शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांकडे राहिला. १९९२ साली केंद्र सरकारने बंद पडणाऱ्या उद्योगांतील कामगारांच्या पुनःशिक्षणाचा हेतू सांगून राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला. त्यातील बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देण्यातच खर्ची पडला. हातात एकरकमी पैसा आला आणि तो मुलीच्या लग्नात, आजारात, घराच्या दुरुस्तीत संपला. शिकवायचे राहूनच गेले.

उत्तर कॅरोलिनातील गव्हर्नर आजही याच वाटेवर चालत आहेत. पंचवीस ते चव्वेचाळीस वयोगटातील वीस लाख नागरिकांजवळ २०३० पर्यंत पदवी किंवा एखाद्या कसबाचे प्रमाणपत्र असावे, असे उद्दिष्ट त्या राज्याने २०१९ साली कायद्यातच लिहिले. २०२५ साली गव्हर्नर झालेल्या जॉश स्टाइन यांनी मनुष्यबळ आणि उमेदवारी-शिक्षण यांसाठी परिषद नेमली. पक्ष बदलले, माणसे बदलली, तरी शब्द फारसे बदललेले नाहीत, कारण त्या शब्दांमागे ५८ इमारती उभ्या आहेत.

तेव्हा कोणी पुढारी आपल्या गावात येऊन मनुष्यबळाविषयी बोलू लागला, तर त्याला तीन साधे प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो. नव्या कारखान्यात आमच्यापैकी कोणाला दारातच अडविणार नाही ना? शिकण्याची जागा माझ्या घरापासून किती अंतरावर असेल? आणि माझी गिरणी पंचेचाळिसाव्या वर्षी बंद पडली, तर त्या जागेचे दार मला उघडे असेल काय? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरे पुष्कळ मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मात्र आश्वासनात देता येत नाही. ते गिरणी चालू असतानाच बांधून ठेवावे लागते.